भजनी मंडळासाठी कंडेन्सर माइक कसा निवडावा

सांगली-मिरज परिसरात संगीत भजनाला बसणाऱ्या मंडळांची ध्वनिव्यवस्था बहुतेक ठिकाणी एकाच साच्याची असते. बुवांसमोर एक माइक, पेटीला एक, पखवाजाला दोन, तबल्याला दोन आणि मागे बसलेल्या टाळकऱ्यांत इकडून तिकडे फिरणारे एक-दोन, असे सात-आठ माइक एकाच वेळी चालू असतात. हे माइक डायनॅमिक प्रकारचे असतात आणि तोंडापासून चार बोटांच्या अंतरावर ते चोख काम करतात. परंतु बुवांनी मागच्या मंडळींकडे मान वळवली की शब्द हरवतात, आणि ध्रुपद उचलणाऱ्या मागच्या ओळीचा आवाज तर माइकपर्यंत नीट पोहोचतच नाही. समोर बसलेल्या श्रोत्यांना सात-आठ वेगवेगळे तुकडे ऐकू येतात, मंडळाचा एकत्र आवाज ऐकू येत नाही.

यावर उपाय म्हणून कंडेन्सर माइक घ्यावा असे ठरवून मंडळातील एखादा तरुण दुकानात जातो, तेव्हा त्याच्यापुढे स्टुडिओतील ध्वनिमुद्रणासाठी बनवलेले माइक मांडले जातात. हा लेख त्या तरुणासाठी आहे. स्टुडिओतील माइक किती बारीक ऐकतो यावर निवडला जातो. श्रोत्यांसमोर लावायचा माइक निवडताना मात्र तो कोणत्या बाजूने ऐकत नाही हे आधी पाहावे लागते, कारण त्याच जागेत मोठे स्पीकर वाजत असतात आणि त्यांचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरला की शिट्टी सुरू होते. पुढे जे काही सांगितले आहे ते या एका विचाराला धरून आहे.

कंडेन्सर माइक वेगळे काय करतो

डायनॅमिक माइकमध्ये आवाजाने हलणाऱ्या पडद्याला तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे चिकटवलेले असते आणि ते चुंबकाच्या फटीत मागेपुढे होऊन वीज निर्माण करते. वेटोळ्याचे वजन पडद्याला ओढावे लागत असल्यामुळे अतिशय जलद कंपने त्याला पूर्णपणे पकडता येत नाहीत. कंडेन्सर माइकमध्ये वेटोळे नसते. काही मायक्रॉन जाडीचा, धातूचा मुलामा दिलेला पडदा एका स्थिर पट्टीसमोर ताणलेला असतो. पडदा हलला की दोहोंमधील अंतर बदलते, अंतराबरोबर विद्युतधारिता बदलते आणि त्या बदलाचाच संदेश तयार होतो. पडदा हलका असल्यामुळे वरच्या स्वरांचा तपशील टिकतो. मिरजेत घडवलेला तानपुरा घेऊन हा फरक सहज तपासता येतो. त्याची जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घडण) नीट लागलेली असेल, तर छेडलेल्या तारेतून स्वरांची जी झालर उलगडत जाते, ती कंडेन्सर माइकमधून हातभर अंतरावरूनही ऐकू येते, तर त्याच अंतरावर ठेवलेल्या साध्या डायनॅमिक माइकमधून ती बरीच दबलेली येते. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. ज्या कारागिरीसाठी ते मिळाले, ती श्रोत्यांच्या कानापर्यंत पोहोचवायची असेल तर माइकही त्या तोलाचा असावा, असे मला मनापासून वाटते.

याच संवेदनक्षमतेमुळे हा माइक पंख्याची घरघर, शेजारच्या वाद्याचा आवाज आणि स्पीकरमधून परत येणारा आवाजही तितक्याच निष्ठेने उचलतो. म्हणून तो डायनॅमिक माइकच्या जागी तसाच ठेवून चालत नाही. त्याच्याबरोबर मंडळाची बैठकही बदलावी लागते.

ब्लूग्रास मंडळींनी घालून दिलेला पाठ

ही बैठक कशी असावी याचा चांगला पाठ अमेरिकेतील ब्लूग्रास संगीताने घालून दिला आहे. केंटकी राज्यात जन्मलेले मँडोलिनवादक बिल मन्रो यांच्या ‘ब्लू ग्रास बॉइज’ या वाद्यवृंदावरून या संगीताला नाव मिळाले, आणि १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हे तीन बोटांनी बँजो वाजवणारे वादक त्यात आल्यानंतर त्याचे आजचे रूप ठरले. मँडोलिन, बँजो, फिडल, गिटार आणि उभा बास ही सगळी विजेशिवाय वाजणारी वाद्ये. त्या काळात माइकही मोजकेच असत. त्यामुळे ज्याची पाळी असेल त्याने माइकजवळ यावे, आपला तुकडा वाजवून बाजूला व्हावे आणि समूहगान आले की सर्वांनी डोकी जवळ आणावीत, अशी पद्धत रूढ झाली. पुढे प्रत्येकाला स्वतंत्र माइक मिळू लागले आणि ही पद्धत मागे पडली. पण १९९० च्या दशकात डेल मॅकुरी यांच्यासारख्या कलावंतांनी एका मोठ्या पडद्याच्या कंडेन्सर माइकभोवती उभे राहून गाण्याची रीत पुन्हा प्रतिष्ठेला आणली. ऑडिओ-टेक्निका कंपनीचा एटी ४०३३ हा माइक या कामासाठी त्या मंडळींमध्ये विशेष आवडता ठरला.

आपल्याकडे बुवा आणि पेटी जागेवरून हलत नाहीत, त्यामुळे पुढे येण्या-जाण्याचा भाग तसाच्या तसा घेता येत नाही. घेण्याजोगी गोष्ट दुसरी आहे. आवाजाचा तोल मिक्सरवर (सर्व माइकांचे आवाज एकत्र करणाऱ्या यंत्रावर) न ठरता बसण्याच्या अंतरांवर ठरतो, आणि तो मंडळाने स्वतःच्या कानाने सांभाळायचा असतो. बँजोसारखे कर्कश होऊ शकणारे वाद्य तिकडे एक पाऊल मागे राहते. आपल्याकडे ती जागा टाळाची आहे.

आधी जागा पाहावी

माइक घेण्यापूर्वी मंडळ वर्षभरात कोणकोणत्या ठिकाणी बसते याची यादी करावी. सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरासारखे बंदिस्त सभागृह, वाडीवस्तीवरच्या मंदिराचा पत्र्याच्या छपराचा सभामंडप, हरिपूरच्या संगमाजवळची उघडी जागा आणि गणेशोत्सवातला रस्त्यावरचा मांडव या चार जागा चार वेगळ्या गरजा निर्माण करतात. सभागृहात आणि लहान सभामंडपात, जिथे श्रोते दीड-दोनशेच्या आसपास असतात आणि विशेष गोंगाट नसतो, तिथे एक-दोन कंडेन्सर माइकांवर उत्तम भजन होते. रस्त्यावरच्या मांडवात, जिथे शेजारच्या चौकातील आवाजावर मात करायची असते, तिथे कंडेन्सर माइकचा आग्रह धरू नये. तिथे जवळून गायचे डायनॅमिक माइकच योग्य. मंडळाचे बहुतेक कार्यक्रम अशाच ठिकाणी होत असतील, तर कंडेन्सर माइकवर पैसे खर्च करू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सभामंडपाच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोरात टाळी वाजवावी. आवाज चटकन विरला तर जागा अनुकूल आहे. तो बराच वेळ घुमत राहिला, फरशीवरून छपराकडे आणि छपरावरून पुन्हा फरशीकडे फिरत राहिला, तर माइक कितीही चांगला असला तरी तो जवळ घ्यावा लागेल आणि एकाच माइकचा बेत सोडून द्यावा लागेल.

अंतराचे आणि संख्येचे गणित

नवशिक्याने दोन नियम पाठ करावेत. पहिला असा की, उघड्या जागेत माइकचे गायकापासूनचे अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाच्या पातळीचे माप) कमी होतो. दुसरा असा की, एका वेळी चालू असलेल्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी सुरू होण्यापूर्वी जेवढा आवाज वाढवता येतो, तो ३ डेसिबलने घटतो.

हे आपल्या मंडळाला लावून पाहू. आठ माइकांऐवजी एकच ठेवला तर संख्या तीनदा निम्मी झाली, म्हणजे ९ डेसिबलचा लाभ झाला. परंतु पूर्वी तोंडापासून ५ सेंटीमीटरवर असलेला माइक आता ४० सेंटीमीटरवर गेला, म्हणजे अंतर तीनदा दुप्पट झाले आणि १८ डेसिबलचा तोटा झाला. दोहोंची वजाबाकी केली तर एका माइकच्या पद्धतीत पूर्वीपेक्षा ९ डेसिबल कमी आवाजावर थांबावे लागते. हा तोटा खरा आहे आणि तो मान्य करूनच पुढे जावे. दुकानदाराने माइक अतिशय संवेदनक्षम आहे असे सांगितले तरी तो भरून निघत नाही, कारण संवेदनक्षमता वाढली की स्पीकरकडून येणारा आवाजही त्याच प्रमाणात वाढतो. काही अंशी तो भरून काढायचा मार्ग एकच, आणि तो म्हणजे माइकची बहिरी बाजू नेमकी स्पीकरकडे ठेवणे.

बहिरी बाजू ओळखणे

माइकच्या माहितीपत्रकात पोलर पॅटर्न म्हणून एक गोल आलेख छापलेला असतो. भजनासाठी माइक घेताना सर्वांत आधी तो पाहावा. कार्डिऑइड प्रकारचा माइक समोरून पूर्ण ऐकतो, दोन्ही बाजूंनी ६ डेसिबल कमी ऐकतो आणि बरोबर पाठीमागून जवळजवळ ऐकतच नाही. सुपरकार्डिऑइड माइक बाजूंनी सुमारे ९ डेसिबल कमी ऐकतो. पण पाठीमागून त्याला थोडे ऐकू येते, आणि त्याची खरी बहिरी दिशा समोरच्या रेषेपासून सुमारे १२६ अंशांवर, म्हणजे मागच्या दोन कोपऱ्यांकडे असते. ओम्नी प्रकारचा माइक सर्व दिशांनी सारखाच ऐकतो. तो स्टुडिओत गोड लागतो, पण स्पीकर चालू असलेल्या जागेत त्याचा उपयोग नाही. काही महागड्या माइकांवर, उदाहरणार्थ एकेजी सी ४१४ वर, पॅटर्न बदलण्याचे बटण असते. कार्यक्रमापूर्वी ते कार्डिऑइडवर आहे की नाही हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

पहिला माइक कार्डिऑइडच घ्यावा. त्याची बहिरी दिशा सरळ पाठीमागे असल्याने ती कोणालाही समजते, आणि मंडळ बसलेले असताना माइकची पाठ आपोआप श्रोत्यांकडे व स्पीकरकडे राहते. सुपरकार्डिऑइड माइकच्या बरोबर मागे मॉनिटर, म्हणजे गायकांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेला स्पीकर, ठेवून शिट्टी का येते म्हणून शोधत बसलेले साउंडवाले पुष्कळदा दिसतात. मॉनिटर थोडा कोपऱ्याकडे सरकवला की प्रश्न सुटतो.

यात आणखी एक बारकावा आहे. बहिरी बाजू ही थेट येणाऱ्या आवाजापुरतीच बहिरी असते. स्पीकरचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत आला आणि मंडळाच्या पाठीमागच्या भिंतीवरून उलटून माइकच्या समोरच्या बाजूने शिरला, तर पॅटर्न काही करू शकत नाही. त्यासाठी मंडळाच्या मागे जाड कनात किंवा दुहेरी पडदा बांधावा आणि बैठकीखाली सतरंजी अंथरावी. हे साहित्य मांडववाल्यांकडे असतेच, आणि त्याने होणारा फरक पुष्कळदा अधिक महाग माइक घेऊन होणाऱ्या फरकापेक्षा मोठा असतो.

मोठा पडदा की लहान

मोठ्या पडद्याच्या माइकचा पडदा साधारण एक इंच व्यासाचा असतो, तर पेन्सिलसारख्या सडपातळ माइकचा त्याच्या निम्मा किंवा त्याहूनही लहान असतो. मोठ्या पडद्याच्या माइकमध्ये गळा भरदार वाटतो, म्हणून बुवांच्या समोर आणि समूहगानासाठी तो पसंत केला जातो. मात्र तो बाजूने आलेल्या आवाजाचा रंग बदलतो. वरचे स्वर कमी-जास्त होतात आणि कडेला बसलेल्या गायकाचा आवाज किंचित मंद लागतो. लहान पडद्याचा माइक बाजूने आलेला आवाज कमी घेतो, पण त्याचा रंग फारसा बिघडवत नाही. त्यामुळे अर्धगोलात बसलेल्या सहा-सात जणांवर एकच माइक लावायचा असेल, तर शूर एसएम ८१, न्यूमन केएम १८४ किंवा रोड एनटी ५ यांसारखा लहान पडद्याचा माइकही गांभीर्याने विचारात घ्यावा. बुवांचा गळा हेच मंडळाचे मुख्य बळ असेल तर मोठा पडदा, आणि समूहाचा एकजीव ठेका हे बळ असेल तर लहान पडदा, अशी निवड मी सुचवीन.

मोठ्या पडद्याच्या माइकबाबत नवशिक्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. हे माइक बहुधा टोकाने ऐकत नाहीत, कुशीने ऐकतात. जाळीच्या ज्या बाजूला कंपनीचे चिन्ह असते, ती साधारणपणे ऐकण्याची बाजू असते, आणि माइक उभाच ठेवून ती बाजू गायकाकडे करावी लागते. हाती धरायच्या माइकच्या सवयीने त्याचे टोक बुवांच्या तोंडाकडे वळवले, तर ऐकणारी बाजू छताकडे जाते आणि बहिरी बाजू पेटीवर येते.

पखवाजासाठी मात्र कंडेन्सर माइक घेण्याची घाई करू नये. कणीक लावलेल्या डाव्या अंगाचा दाब मोठा असतो, ते अंग डायनॅमिक माइकमधून भरीव लागते आणि शेजारचे टाळ त्यात कमी शिरतात.

माहितीपत्रकातील आकडे

माहितीपत्रकात बरेच आकडे असतात आणि त्यांतील दोन-तीनच आपल्या कामाचे असतात. माइकचा स्वतःचा खरखराट, म्हणजे सेल्फ नॉइज, हा आकडा जाहिरातीत ठळक छापतात. रोड एनटी १-ए या माइकचा तो फक्त ५ डेसिबल आहे आणि एटी ४०३३ चा १७ आहे. स्टुडिओत हा फरक मोलाचा आहे. परंतु छताचे पंखे फिरत असलेल्या, माणसांनी भरलेल्या सभामंडपात त्याचा काहीही उपयोग होत नाही, म्हणून त्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत.

माइक किती मोठा आवाज सहन करतो हा आकडा पाहावा. पितळी टाळ जवळून वाजला की त्याचा पहिला आघात फार तीव्र असतो. सुमारे १३५ डेसिबलपासून पुढचा आकडा असलेला माइक आपल्या कामाला पुरेसा आहे. त्याबरोबर माइकवर आत येणारा आवाज १० डेसिबलने कमी करणारा पॅड आणि ८० हर्ट्झच्या आसपास खालचे स्वर कापणारा लो-कट अशी दोन बटणे असतील तर अधिक चांगले, कारण चौथऱ्यावरच्या पावलांचा धप्प आवाज, पंख्याचा वारा आणि दूरच्या जनरेटरची गुरगुर त्या लो-कटने माइकमध्येच अडते. एटी ४०३३ वर ही दोन्ही बटणे आहेत. घरगुती स्टुडिओंत सर्रास दिसणाऱ्या एटी २०२० वर ती नाहीत. तो माइक घेतला तर ही सोय मिक्सरवर आहे की नाही याची खात्री करावी.

वारंवारता-प्रतिसादाचा, म्हणजे कोणत्या उंचीचा स्वर माइक किती उचलतो हे दाखवणारा, आलेख पाहताना ५ ते १० किलोहर्ट्झच्या भागात मोठा उंचवटा असलेला माइक टाळावा. असा उंचवटा दुकानात गाण्याला चमक देतो, पण पाच-सहा जोड्या टाळ एकदम वाजू लागले की तीच चमक कानाला टोचते आणि मागे बसलेले ज्येष्ठ श्रोते आवाज कमी करायला सांगतात.

मिक्सर आणि फँटम पॉवर

कंडेन्सर माइकला चालण्यासाठी वीज लागते आणि ती मिक्सरकडून एक्सएलआर केबलमधूनच (माइकच्या नेहमीच्या तीन पिनांच्या केबलमधून) जाते. तिला फँटम पॉवर म्हणतात आणि तिचा प्रमाणित दाब ४८ व्होल्ट असतो. मंडळाच्या मिक्सरवर ४८ व्ही असे लिहिलेले बटण आहे का, हे माइक घेण्यापूर्वी पाहावे. जुन्या मिक्सर-अॅम्प्लिफायरच्या एकत्र पेटीत ही सोय पुष्कळदा नसते. तेव्हा वेगळा फँटम पुरवठा करणारा डबा घ्यावा लागतो. काही मिक्सर पुरेसा दाब देत नाहीत. शूर एसएम ८१ हा माइक ११ ते ५२ व्होल्टमध्ये कोठेही चालतो, पण अनेक माइकांना पूर्ण ४८ व्होल्टच लागतात आणि कमी मिळाले की ते मोठ्या आवाजाला फाटतात.

लहान मिक्सरवर एकच बटण सर्व माइकांना वीज पुरवते. केबल नीट असेल तर त्याच मिक्सरला लावलेल्या डायनॅमिक माइकांना त्याने अपाय होत नाही, कारण दाब दोन्ही तारांवर सारखाच असतो. फँटम चालू किंवा बंद करताना आणि माइक लावताना-काढताना त्या चॅनलचा फेडर (मिक्सरवरील आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) खाली असावा, नाहीतर स्पीकरमध्ये मोठा ठोका बसतो. एका बाजूला एक्सएलआर आणि दुसऱ्या बाजूला साधी जॅक पिन असलेली केबल कंडेन्सर माइकला कधीही चालणार नाही. जॅकच्या बाजूने फँटम येत नाही. माइक नवा असूनही मुका असेल तर सर्वप्रथम केबल बदलून पाहावी.

दुकानात आणि भाड्याने तपासणे

शक्य असेल तर पसंत केलेला माइक आधी एखाद्या साउंडवाल्याकडून एका कार्यक्रमासाठी भाड्याने घ्यावा. दुकानात जातानाही एक गायक आणि टाळांची जोडी सोबत न्यावी. माइक स्टँडवर लावून एकाने कानाला हेडफोन लावावा, आणि गायकाने एकच स्वर धरून माइकभोवती हातभर अंतराने सावकाश गोल फिरावे. समोरून कडेला जाताना आवाज हळूहळू कमी व्हावा. तो नाकात गेल्यासारखा किंवा डब्यातून आल्यासारखा होऊ लागला, तर तो माइक समूहासाठी योग्य नाही. पाठीमागे आल्यावर आवाज दूर गेल्यासारखा वाटला पाहिजे. मग टाळ वाजवून हेच पुन्हा करावे. अनेक माइक समोरून सुरेख आणि मागून कर्कश असतात, आणि मागची बाजू स्पीकरकडे राहणार असल्यामुळे तोच दोष कार्यक्रमात महाग पडतो.

नामांकित माइकांच्या हुबेहूब नकला बाजारात मिळतात, म्हणून बिल आणि हमीपत्र देणाऱ्या अधिकृत विक्रेत्याकडूनच खरेदी करावी. संगणकाला यूएसबीने जोडायचा माइक मंडळाच्या उपयोगाचा नाही, तो कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

बैठक मांडणे

मध्यभागी पेटी घेऊन बुवा, त्यांच्या एका अंगाला पखवाज, दुसऱ्या अंगाला तबला आणि मागे अर्धगोलात टाळकरी, ही नेहमीची मांडणी ठेवावी, अंतरे मात्र बदलावीत. आडवा दांडा असलेला ठेंगणा स्टँड घेऊन माइक बुवांच्या तोंडापासून सुमारे दीड वीत पुढे आणि कपाळाच्या उंचीवर आणावा, आणि ऐकणारी बाजू किंचित खाली, ओठांकडे झुकवावी. माइक याहून खाली आला तर पेटी गळ्यापेक्षा जवळ पडते आणि शब्द पेटीखाली दबतात. पेटी जास्त वाटली तर मिक्सरला हात लावण्यापूर्वी माइक चार बोटे वर घ्यावा.

टाळकरी माइकपासून दीड ते दोन मीटर मागे राहावेत. बुवा ४० सेंटीमीटरवर आणि टाळकरी १६० सेंटीमीटरवर असतील तर अंतर चौपट झाले, म्हणजे टाळ केवळ अंतरानेच १२ डेसिबल खाली गेले. त्यांचे ध्रुपदातील गाणेही तेवढेच खाली जाते. म्हणून ज्यांचा गळा चांगला आहे अशा दोघा-तिघांनी टाळ खाली ठेवून बुवांच्या जवळ सरकून बसावे, आणि ज्यांचा टाळ पक्का आहे त्यांनी कडेला बसावे. टाळ छातीसमोर सपाट न धरता थोडे तिरके धरले की त्यांची धार माइककडे न जाता बाजूला जाते. तालमीत हे दोन-तीनदा केले की अंगवळणी पडते.

मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असले पाहिजेत. मंदिरात ते बहुधा मंडळाच्या मागच्या खांबांना बांधलेले असतात, आणि तेवढ्या एका कारणाने चांगला माइक वाया जातो. दुसरा कंडेन्सर माइक मागच्या ओळीसाठी लावायचा असेल, तर दोन माइकांमधील अंतर माइक आणि गायक यांच्यातील अंतराच्या किमान तिप्पट ठेवावे; त्याहून जवळ आणल्यास एकच आवाज दोन्हींत किंचित पुढेमागे पोहोचतो आणि एकत्र होताना पोकळ लागतो. मॉनिटरशिवाय बसता आले तर सर्वांत उत्तम. एकमेकांचे थेट ऐकून गाणे हे भजनी मंडळाला नवीन नाही.

शिट्टी काढणे

श्रोते येण्यापूर्वी, सर्वजण जागेवर बसलेले असताना, मुख्य माइकचा फेडर हळूहळू वाढवत न्यावा. जिथे पहिली शिट्टी डोके वर काढू लागेल तिथे थांबून ग्राफिक इक्वलायझरवर (वेगवेगळ्या उंचीचे स्वर स्वतंत्रपणे कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांच्या यंत्रावर) त्या स्वराची पट्टी शोधावी आणि ती ३ ते ६ डेसिबल खाली घ्यावी. पुन्हा वाढवावे, दुसरी शिट्टी शोधावी. दोन किंवा तीन पट्ट्यांवर थांबावे. त्याहून अधिक पट्ट्या खाली घ्याव्या लागत असतील तर दोष माइकच्या किंवा स्पीकरच्या जागेत आहे, आणि पट्ट्या कापत राहिल्यास गळ्यातील गोडवाच कापला जातो. शेवटी फेडर शिट्टीच्या जागेपासून ६ डेसिबल खाली आणून ठेवावा आणि कार्यक्रम रंगला तरी त्या मर्यादेपलीकडे नेऊ नये. उघड्या जागेवर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकावर बंदी असल्यामुळे काकड आरतीला ही यंत्रणा लावण्याचा विचार करू नये.

मंदिरातील धूर, बुक्का आणि दमट हवा

कंडेन्सर माइकच्या पडद्यावर विद्युतभार असतो आणि तो बारीक कण ओढून घेतो. उदबत्तीचा आणि धुपाचा धूर, कापराची काजळी, उधळलेला बुक्का आणि गुलाल हे सर्व जाळीतून आत जाऊन पडद्यावर बसते आणि काही महिन्यांत माइकचा वरचा स्वर मंदावतो. म्हणून धुपाटणे माइकपासून दूर ठेवावे, फेसाचे आवरण कायम चढवलेले असावे, आणि आरतीच्या वेळी फेडर खाली घेऊन माइकवर स्वच्छ प्लॅस्टिकची पिशवी घालावी. माइक चालू आहे का हे पाहण्यासाठी त्यावर फुंकर मारण्याची किंवा टिचकी वाजवण्याची सवय मंडळातील सर्वांना सोडायला लावावी. फुंकरीतील बाष्प थेट पडद्यावर जाते. चाचणीसाठी एक ओळ गाणे पुरेसे आहे.

पावसाळ्यात कृष्णाकाठची हवा महिनोन्महिने दमट राहते आणि माइकमध्ये तडतड सुरू होते. कार्यक्रम संपल्यावर माइक कोरड्या कापडाने पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा आणि पुड्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्यात. तडतड आलीच तर माइक उघडू नये, उन्हातही ठेवू नये. ताज्या पुड्यांसह दोन दिवस बंद डब्यात ठेवून मग पुन्हा लावून पाहावा.